‘कलाम गरायद’ : सगळ्यांना माहीत असलेलं खोटं छापतात कशाला?

नाईलकाठी
मंडळी, नोकरीनिमित्त कैरोत येऊन तीन वर्षं होत आली. माआदी भागात राहतो. कोपऱ्यावर पेपरवाल्याची टपरी आहे, सकाळी ऑफिसच्या गाडीची वाट बघत तिथेच उभा असतो. मथळ्यांपुरतं अरबी आता वाचता येतं. ‘अल-अहराम’, ‘अल-अखबार’, ‘अल-गुम्हुरिया’ हे तीन सरकारी पेपर शेजारी शेजारी टांगलेले असतात. बहुतेक दिवशी तिन्हींवर राष्ट्राध्यक्ष सिसी, कुठल्यातरी पुलाचं नाहीतर रस्त्याचं उद्घाटन. मथळे वाचताना लहानपणीचं ‘दोन चित्रांतले दहा फरक ओळखा’ आठवतं. मला आजवर तीनच्या वर सापडलेले नाहीत. खासगी पेपर आहेत, पण तेही त्याच वळणाचे.

आमच्या घरमालकीण पंच्याहत्तरीच्या. इथे त्या वयाच्या बायकांना ‘तांत’ म्हणतात, आपल्या काकूंसारखं. मध्यंतरी साखर मिळत नव्हती तेव्हा त्यांना मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो, की साखर भरपूर आहे असं पेपरात आलंय. त्यांनी माशी वारावी तसा हात हलवला आणि म्हणाल्या, “कलाम गरायद!” शब्दशः अर्थ ‘पेपरातलं बोलणं’. भावार्थ : थापा आहेत रे, मनावर नको घेऊस. इथल्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे हा.

आणि ह्याच तांत रोज सकाळी बव्वाबला, म्हणजे आपल्या वॉचमनला, पिटाळून ‘अल-अहराम’ आणवतात. एक दिवस खाडा नाही.

तर प्रश्न दोन. सगळ्यांना माहीत असलेलं खोटं सरकार रोज का छापतं? आणि ज्यांना ते माहीत आहे ते विकत का घेतात? ज्यांचा अरब देशांशी संबंध आला आहे त्यांनी जरूर लिहा.

(नाव-गाव ह्याहून जास्त सांगणार नाही. देवनागरी इथे कोणी वाचत नसावं, एवढ्याच भरवशावर लिहितोय.)

कोल्हापुरी_रस्सा
पहिला! चहा टाकून बसतोय, येऊ द्या.

अनुस्वार
मी वीस वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, त्यामुळे ह्या विषयात मला भलताच रस. इजिप्तमधला माझा सगळ्यात लाडका किस्सा सांगतो.

१७ जून २०१९. माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुर्सी कोर्टात सुनावणी चालू असताना कोसळले आणि गेले. निवडणुकीतून आलेला देशाचा पहिला नागरी अध्यक्ष! जगभर पहिल्या पानाची बातमी. कैरोतल्या पेपरांत मात्र जेमतेम ४२ शब्द. जवळजवळ सगळ्या पेपरांत तेच ४२ शब्द, त्याच क्रमाने, आणि हा गृहस्थ कधीकाळी राष्ट्राध्यक्ष होता ह्याचा त्यात उल्लेखच नाही. नुसतं नाव. गल्लीतला कोणी गेल्यासारखं.

खरी गंमत त्या रात्री टीव्हीवर झाली. सरकारच्या मर्जीतल्या एका वाहिनीवरची निवेदिका समोरच्या पडद्यावरून बातमी वाचत होती. ती संपली आणि त्याच गंभीर सुरात ती पुढे वाचून गेली, “सॅमसंग उपकरणावरून पाठवले.”

म्हणजे कुठल्यातरी साहेबाने मोबाइलवरून मजकूर धाडला, वाहिनीने शेपटासकट पडद्यावर चढवला आणि बाईंनी शेपटासकट वाचला. तेव्हापासून तिथले लोक ह्या प्रकाराला ‘सॅमसंग मीडिया’ म्हणतात.

मला त्या निवेदिकेची दया येते. रात्रपाळीला माझ्या हातूनही आलेलं पत्रक जसंच्या तसं खाली गेलं आहे. एकदा तर शेवटचं ‘कृपया प्रसिद्धीस द्यावे, ही विनंती’ सुद्धा छापून आलं होतं. पण माझ्या पत्रकात फार तर गणेश मंडळाचं रक्तदान शिबिर असायचं.

कोल्हापुरी_रस्सा
आमच्या मेव्हण्याच्या लग्नपत्रिकेत ‘नमुना क्र. ३’ छापून आलं होतं, त्याची आठवण झाली.

टिंबटिंब
😂😂 सॅमसंग

दर्यावर्दी
मी व्यापारी जहाजावर होतो. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. एक जुनी गोष्ट लिहितो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

जून १९६७. मी एकोणीस वर्षांचा, कॅडेट म्हणून दुसरीच सफर. मुंबईहून निघून आम्ही एडनला थांबलो होतो, पुढे सुएझमार्गे युरोपला जायचं होतं. एडनमध्ये तेव्हा इंग्रज होते, पण चलती होती इजिप्तचा अध्यक्ष नासर याची. कुठल्याही चहाच्या दुकानात जा, रेडिओवर कैरोचं ‘सौत अल-अरब’. म्हणजे अरबांचा आवाज. अहमद सईद नावाचा निवेदक होता. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्याचा आवाज ऐकून अंगावर काटा यायचा हे खरं.

५ जूनला, इजिप्त-इस्रायल युद्ध सुरू झालं त्या दिवशी, दुपारी केस कापायला एका न्हाव्याकडे गेलो. त्याने आरशाच्या कडेला साबणाने रेघा ओढल्या होत्या. आपण पास मोजताना चार उभ्या आणि एक आडवी मारतो ना, तशा. रेडिओवर इस्रायलचं विमान पाडल्याचं सांगितलं की हा वस्तरा थांबवून रेघ मारायचा. माझं अर्धं डोकं तासून झालेलं आणि आरशात माझा चेहरा दिसेना, इतक्या रेघा. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. आपल्याकडेही तेव्हा नासर म्हणजे मित्रच.

जहाजावर परतलो तर रेडिओ ऑफिसर बीबीसी लावून बसला होता. इजिप्तचं हवाई दल सकाळीच, जमिनीवर उभ्या उभ्या, संपलं होतं. कॅप्टनने कंपनीची तार वाचून दाखवली : सुएझ नाही, आफ्रिकेला वळसा. तो कालवा उघडला थेट १९७५ च्या जूनमध्ये.

चार दिवसांनी, ९ तारखेला, नासरने रेडिओ-टीव्हीवर पराभव कबूल करून राजीनामा दिला. लोकांनी रस्त्यावर येऊन तो परत घ्यायला लावला, ते वेगळं. अहमद सईदची नोकरी त्याच वर्षी गेली. लष्कराकडून आलेली पत्रकं वाचणं हे माझं काम होतं, असं तो पुढे सांगत असे. म्हणजे अनुस्वार, तुमची ती सॅमसंगवाली बाई आणि हा, एकाच घरचे.

त्या न्हाव्याने आरसा कधी पुसला असेल, हा विचार अजून मनात येतो.

मोहरी
काका, अप्रतिम. तुम्ही वेगळा धागा काढा ना सफरींवर.

रेवा_के
दर्यावर्दी काकांनी नेमका सांधा पकडलाय. १९६७ च्या आधी लोक कैरो रेडिओवर मनापासून विश्वास ठेवत. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी उम्म कुलसूमचं गाणं लागायचं तेव्हा मोरोक्कोपासून इराकपर्यंत रस्ते ओस पडत, असं सांगतात. त्याच रेडिओवर बातम्याही यायच्या, त्यामुळे ते घरातलंच माणूस बोलल्यासारखं होतं. तो विश्वास त्या सहा दिवसांत गेला आणि पुन्हा तसा कधी बसला नाही.

आता थोडी मागची गोष्ट, कारण तिन्ही पेपर सारखे का दिसतात ह्याचं उत्तर तिथे आहे. ‘अल-अहराम’ मुळात सरकारी नव्हता. आजच्या लेबनॉनमधून आलेल्या तकला बंधूंनी तो अलेक्झांड्रियात काढला, पहिला अंक १८७६ चा. म्हणजे आपल्या ‘केसरी’हून पाचेक वर्षांनी थोरला. मे १९६० मध्ये नासरने कायदा करून मोठ्या वृत्तपत्रसंस्था मालकांकडून काढून घेतल्या आणि देशात परवानगी असलेल्या एकमेव राजकीय संघटनेच्या नावावर केल्या. त्याच वर्षी जुलैत टीव्ही सुरू झाला, तो पहिल्या दिवसापासून सरकारचा. नाईलच्या काठावर त्याची गोल, अजस्र इमारत आहे, तिला मास्पेरो म्हणतात. नाव मात्र एका फ्रेंच पुरातत्त्वज्ञाचं. सरकारी बातम्यांच्या कारखान्याला ममी उकरणाऱ्याचं नाव, ह्याहून चपखल काय असणार!

नासरचा जिवलग मोहम्मद हसनैन हैकल १९५७ ते १९७४ ‘अल-अहराम’चा संपादक होता. शुक्रवारी त्याचा लेख यायचा, सदराचं नाव ‘बिसराहा’, म्हणजे ‘स्पष्टच सांगायचं तर’. (स्पष्टवक्ता, तुमचे पूर्वज!) सरकारच्या मनात काय चाललंय ते कळायला मंत्रीसुद्धा तो वाचत. नासरनंतर अध्यक्ष झालेल्या सादातशी बिनसलं, संपादकपद गेलं, आणि सप्टेंबर १९८१ मध्ये सादातने दीड हजारांवर लोकांना आत टाकलं त्यात हैकलही होता. महिन्याभरात सादातचा खून झाला, मुबारक आला, हैकल सुटला. ज्या यंत्राला त्याने इतकी वर्षं तेल घातलं त्यातच त्याचं बोट सापडलं, असं म्हणावंसं वाटतं. पण माणूस लिहायचा मात्र झकास.

आजची पद्धत वेगळी आहे. आता कायद्याने काही काढून घ्यावं लागत नाही, विकत घेतात. गेल्या दहा वर्षांत बऱ्याच खासगी वाहिन्या आणि पेपर एकाच समूहाच्या छत्राखाली गेले. त्या समूहामागे गुप्तचर खातं आहे, असं ‘मदा मस्र’ ह्या छोट्या वेबसाइटने २०१७ मध्ये पुराव्यांसह लिहिलं. ही साइट त्याच वर्षी मे महिन्यात देशात बंद केली गेली होती. पुढे अशा बंद साइट्सची संख्या पाचशेच्या वर गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये, अध्यक्षांच्या मुलाची गुप्तचर खात्यातून मॉस्कोला बदली होणार अशी बातमी ‘मदा मस्र’ने दिली आणि चारच दिवसांत त्यांच्या कचेरीवर छापा पडला. संपादक लीना अताल्लाह हिला उचलून नेलं, काही तासांनी सोडलं. साइट अजून चालू आहे.

कोल्हापुरी_रस्सा
रेवाताई, परीक्षेला किती मार्कांना आहे हे?

रेवा_के
पूर्ण शंभर. आणि पर्यायी प्रश्न नाहीत.

स्पष्टवक्ता
पूर्वजांबद्दल धन्यवाद. आता जरा उलट बोलतो.

इजिप्त दहा कोटींच्या वर लोकांचा देश. एका बाजूला लिबिया, एका बाजूला गाझा, खाली सुदान. तिन्हीकडे काय चाललंय ते बघा. तिथल्या सर्वसामान्य माणसाला विचारा, तो म्हणेल पेपर खोटा असला तर असू दे, पण घरावर बॉम्ब नको. आणि कतारच्या अल-जझीरा वाहिनीची भलामण करणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की कतारच्या अमीरावर त्यांनी शेवटची झोड कधी उठवली होती? जो तो आपल्या धन्याचं सोडून दुसऱ्याच्या धन्याचं खरं सांगतो. दुसरं, प्रत्येक सरकार हे करतं. आपल्याकडे १९७५ मध्ये काय झालं?

दर्यावर्दी
१९७५ मध्ये अग्रलेखाची जागा कोरी सोडून पेपर निघाला होता. कोरी जागा वाचायला अरबी लागत नाही, मराठीही लागत नाही. आणि एकवीस महिन्यांनी ते संपलं. इजिप्तमध्ये १९८१ साली लावलेली आणीबाणी २०१२ ला उठली. पुढे पुन्हा लागलीच.

अनुस्वार
स्पष्टवक्ता, अल-जझीराबद्दल सहमत. पण त्यांच्या मालकाचे दोष दाखवायला त्यांच्या वार्ताहरांना तुरुंगात घालायची गरज नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये कैरोच्या हॉटेलातून तिघांना पकडलं. त्यातला पीटर ग्रेस्टे ऑस्ट्रेलियन, त्याला ४०० दिवसांनी मायदेशी धाडलं. दुसरा, बाहेर मोहम्मद नावाचा, बिचारा निव्वळ इजिप्शियन, त्याच्यासाठी भांडायला दुसरा देश नव्हता. २०१५ च्या अखेरीस इजिप्तच्या तुरुंगात २३ पत्रकार होते, चीनच्या खालोखाल. बॉम्ब नको म्हणून तेवीस लिहिणारे आत हवेत, हे गणित मला जमत नाही.

स्पष्टवक्ता
मी समर्थन केलेलं नाही. लोक असा विचार करतात, एवढंच म्हटलं.

दुबईकर_मोहिनी
माझ्या ऑफिसात निम्मे इजिप्शियन आहेत, तेव्हा माझाही अधिकार!

हे लोक जगातले एक नंबर विनोदी. राजकारणावर गंभीर बोलायची वेळ आली की विनोद सांगतात. एक अकाउंट्समधल्या उस्ताजांनी सांगितलेला : मुबारक वर जातो. नासर आणि सादात वाट बघतच असतात. विचारतात, “तुझं काय? विष की परेडचा मंच?” मुबारक मान खाली घालून म्हणतो, “फेसबुक.”

(नासरला विष दिलं अशी तिथे जुनी वदंता आहे आणि सादातला परेड बघताना मंचावरच मारलं, हे माहीत असलं तरच हसू येतं.)

दुसरं म्हणजे, तिथे कोणाला आपण फसवतोय असं वाटलं की तो म्हणतो, “इन्त फाकिरनी हिंदी?” मला काय हिंदी, म्हणजे भारतीय, समजलास? म्हणजे बावळट समजलास का! पहिल्यांदा माझ्यासमोर एकाच्या तोंडून गेलं आणि मग मीटिंगमध्ये जी शांतता पसरली... बिचारा तीन दिवस मला बसबूसा आणून देत होता. आणि अचाट, अशक्य गोष्टीला ‘फिल्म हिंदी’ म्हणतात. सरकारी टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल हाच शब्द वापरतात. अमिताभवर जीव आहे त्यांचा, पण शब्द हाच.

कोल्हापुरी_रस्सा
म्हणजे आपण बावळट, आपले पिक्चर थापा, आणि बच्चन मात्र लाडका. बरोबरच आहे की.

टिंबटिंब
बसबूसा म्हणजे आपली रव्याची वडी ना?

दुबईकर_मोहिनी
पाकातली. वडीपेक्षा ओलसर. पाकृ नंतर टाकते, नाहीतर रेवाताई ओरडतील.

मोहरी
कोशरीची पण टाक. भात, मसूर, मॅकरोनी एकत्र हे ऐकूनच मला कसंतरी होतं, पण खाणारे वेडे झालेले पाहिलेत.

रेवा_के
ओरडले. 🙂

नाईलकाठी
दोन दिवस कामाच्या साइटवर होतो, इथे एवढं रामायण झालंय! सगळ्यांचे आभार. मोहिनी, ‘फाकिरनी हिंदी’ मी रोज ऐकतो. आता मी स्वतःच टॅक्सीवाल्याला म्हणतो, तो हसून पाच पौंड कमी करतो.

२०११ च्या मुबारकविरोधी उठावाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलेलं लिहितो. तेव्हा तो विद्यार्थी होता. घरचे मन्सुरात, हा तहरीर चौकात. २८ जानेवारीला देशभर इंटरनेट बंद, मोबाइलही बंद. काही दिवस आईचा पत्ता नाही, आईला ह्याचा नाही. शेवटी चौकाजवळच्या एका कपड्यांच्या दुकानातून लँडलाइन लागला. आईचा पहिला प्रश्न, “खाल्लंस का?” दुसरा, “खरं सांग, केंटकी खाल्लंस का?”

झालं होतं असं, की सरकारी टीव्हीवर सांगत होते, चौकातल्या पोरांना परदेशी पैसा मिळतोय आणि केंटकीच्या, म्हणजे केएफसीच्या, जेवणाची पाकिटं. हा चार दिवस पाव, चीज आणि कोशरीवर. चौकातलं केंटकीचं दुकान तर शटर ओढून बंद होतं! पोरं मग कोरडा पाव हातात धरून एकमेकांना विचारायची, “केंटकी घेणार?”

मास्पेरो ते तहरीर चालत पंधरा मिनिटं. चौकात लाखो माणसं आणि मास्पेरोच्या कॅमेऱ्यात नाईलवरचा पूल, संथ पाणी, मोकळा रस्ता. सहकारी म्हणाला, “आईला दोन्ही खरं वाटत होतं. टीव्हीवर नदी शांत दिसते म्हणून मी सुखरूप, आणि मी बिघडलो म्हणून तिला रडू.” शहीरा अमीन ही त्यांच्याच इंग्रजी वाहिनीची मोठी अधिकारी, तिने ३ फेब्रुवारीला नोकरी सोडली आणि सरळ चौकात गेली. पण अशी माणसं मोजकी.

११ तारखेला मुबारक गेला. दुसऱ्या दिवशी ‘अल-अहराम’चा मथळा : ‘जनतेने राजवट पाडली’. आदल्या महिन्यापर्यंत हाच पेपर काय लिहीत होता ते विचारू नका.

अनुस्वार
ह्याच पेपराने पाचच महिन्यांपूर्वी तो फोटो छापला होता! सप्टेंबर २०१०, वॉशिंग्टनला शांतता वाटाघाटी. मूळ छायाचित्रात ओबामा पुढे चालतोय आणि मुबारक मागे कडेला. ‘अल-अहराम’मध्ये मुबारक सगळ्यांच्या पुढे, लाल गालिच्यावर. एका ब्लॉगरने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. संपादकांचा खुलासा काय, तर हे ‘भावदर्शक’ छायाचित्र आहे. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या डेस्कवर हा शब्द चालू होता. आकडा चुकला की ‘भावदर्शक आकडा’.

स्पष्टवक्ता
😂 हे मात्र मान्य. माझा पगारही भावदर्शकच आहे.

ऑपरेशन_थिएटर
डॉक्टर आहे म्हणून बासेम युसुफबद्दल दोन ओळी. हृदयशल्यविशारद. २०११ मध्ये घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत कॅमेरा लावून सरकारी टीव्हीची खिल्ली उडवणारे व्हिडिओ काढले आणि दोन वर्षांत अरब जगातला सर्वात लोकप्रिय कार्यक्रम त्याचा झाला. मुर्सीच्या राज्यात त्याच्यावर खटला, जामीन, पण कार्यक्रम चालू. मुर्सीला हटवून लष्कर आल्यावर पहिल्याच भागानंतर वाहिनीने हात वर केले. दुसऱ्या वाहिनीवर गेला, जून २०१४ मध्ये तेही संपलं. मजा बघा, ज्याची सगळ्यात जास्त टिंगल केली त्या मुर्सीच्या काळातच तो सगळ्यात जास्त बोलू शकला.

कोल्हापुरी_रस्सा
२०१८ च्या कायद्याबद्दल वाचलं. तिकडे पाच हजारांवर फॉलोअर्स असले की साध्या माणसाचं खातंही प्रसारमाध्यम धरतात आणि खोटी बातमी टाकली म्हणून बंद करू शकतात. माझे साडेतीनशे आहेत, त्यातले दोनशे भावकी. मी निर्धास्त.

दर्यावर्दी
नाईलकाठी, तुमचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. सगळ्यांना माहीत असलेलं खोटं छापायचं कशाला?

मला एक दिसतं. जहाजावर कॅप्टन चुकीचा हुकूम देतो तेव्हा सगळ्यांना कळतं की चूक आहे. तरी ‘आय आय सर’ म्हणायचं असतं. हुकूम बरोबर आहे हे पटावं म्हणून तो देत नसतो. कोण म्हणतंय आणि कोण गप्प राहतंय, हे त्याला बघायचं असतं.

रेवा_के
अगदी. मला वाटतं ते छापतात ते पटवण्यासाठी नाहीच. चारचौघांत मोठ्याने काय बोलायचं आणि काय घरात, ह्याची ती रोजची सूचना आहे. ते ४२ शब्द वाचून कोणालाही मुर्सी कोण हे विसरायला झालं नाही. पण उद्या कचेरीत त्याच्याबद्दल किती बोलायचं हे प्रत्येकाला कळलं : बेचाळीस शब्द.

स्पष्टवक्ता
ह्यात एक भर. १९७३ च्या युद्धात इजिप्तच्या फौजेने सुएझ कालवा ओलांडला तेव्हा ह्याच कैरो रेडिओने मुद्दाम थंड आवाजात, मोजकी पत्रकं वाचली. ६७ चा धडा. लोकांनी तरी आधी बीबीसी लावून खात्री करून घेतली म्हणतात. म्हणजे खरं सांगायची वेळ येते तेव्हा खोट्याचं व्याज भरावं लागतं. एवढ्यापुरता मी तुमच्या पार्टीत.

मोहरी
आज तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

नाईलकाठी
दर्यावर्दी काका, रेवाताई, तुमचं वाचून काल संध्याकाळी सरळ तांतकडेच गेलो. म्हटलं, ‘कलाम गरायद’ आहे तर रोज घेता कशाला?

त्यांनी चष्मा लावला, पेपर उलटा केला आणि मागून उघडला. निधनवार्ता! पानंच्या पानं. कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोण कॅनडात, कोण इंजिनियर, सगळं गोत्र. त्या म्हणाल्या, “हे खोटं छापता येत नाही.” इथे म्हणच आहे म्हणे, की ज्याची बातमी ‘अल-अहराम’मध्ये आली नाही तो मेलाच नाही.

मग शिकवणी सुरू झाली. एका बड्या उद्योजकाची आई गेली होती. तिच्यासाठी कंपन्यांनी, बँकांनी, अधिकाऱ्यांनी दिलेल्या शोकसंदेशांच्या चौकटी. तांत बोट ठेवून मोजत होत्या. हा पाव पान, हा अर्धं पान. “हा बघ, मागच्या वर्षी ह्याच्या सासऱ्यासाठी सगळं पान होतं. आता एवढीशी चौकट.” बोटाने चौकटीची उंची दाखवली. “हा घसरला.” एका मंत्र्याचं नाव त्यांना कुठेच सापडलं नाही. दोनदा शोधलं. “हा जाणार,” म्हणाल्या आणि चहा ओतला. पहिलं पान त्यांनी उघडलंसुद्धा नव्हतं.

निघताना कपाट उघडून जुने दोन अंक दाखवले, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. एक ऑक्टोबर १९७३ चा, कालवा ओलांडल्याचा. दुसरा १२ फेब्रुवारी २०११ चा. बाकीचे कुठे जातात विचारलं तर त्यांनी स्वयंपाकघरातला ड्रॉवर ओढला. चमच्यांखाली अंथरलेल्या पेपरात अध्यक्ष पुलाची फीत कापत होते, त्यांच्या कोटावर तेलाचा डाग.

कोल्हापुरी_रस्सा
त्या मंत्र्याचं काय झालं ते कळवा मात्र.

नाईलकाठी
पाच हजार फॉलोअर्स व्हायच्या आत कळवतो.

दुबईकर_मोहिनी
आता टाकू का बसबूसा?